मागच्या सीटवरचं वजन

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, आदिलाबादच्या बसस्टँडमागच्या गॅरेजात चार हजार दोनशे रुपये खर्च झाले. हजर तिघे: कासारभाऊ, मिस्त्री आणि मी. पैसे कासारभाऊंचे, मेहनत मिस्त्रीची आणि फुकटचा सल्ला माझा. तो कोणी घेतला नाही.

पण कासारभाऊ म्हटलं की मला ते गॅरेज आठवत नाही, त्यांचा एक प्रश्न आठवतो. मोटारसायकलच्या टाकीवर फडकं फिरवता फिरवता ते मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायचे आणि विचारायचे, "जेवून आले ना, भाऊ?" नवख्या माणसाला वाटावं, काय ही आपुलकी! आपुलकी होतीच. पण प्रश्न माझ्या वजनाचा होता. तो कसा, ते सांगतो.

आमच्या गल्लीत शेवटचं घर त्यांचं. पुढच्या खोलीत बांगड्यांचं दुकान, ते वहिनी सांभाळायच्या. भाऊ मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी लाकडी पेट्या बांधून बाजार करायचे. आज तामसी, उद्या जैनथ, कधी इंद्रवेल्ली. एकीकडे काच आणि दुसरीकडे आमच्याकडचे रस्ते. या दोघांना एकत्र आणून पोट भरायचं ज्याच्या डोक्यात येतं, तो माणूस एक तर फार शूर असावा, नाही तर बापाचा धंदा म्हणून मुकाट्यानं करत असावा. भाऊ दुसऱ्या प्रकारातले होते आणि स्वतःला पहिल्यात मोजायचे.

संध्याकाळी गाडी दारात लावताना ते म्हणायचे, "आज दोन डझन वाढल्या." कासाराच्या घरात बांगडी फुटत नाही, वाढते. हे आपल्या सगळ्यांच्याच घरात आहे, पण आपण वर्षातून चारदा म्हणतो, ते रोज म्हणायचे. मी खताच्या दुकानात हिशेब लिहितो. नुकसानाला वाढ म्हणणारा दुसरा धंदा मला माहीत नाही. आमच्या मालकाच्या कानावर मी ही गोष्ट मुद्दाम घातलेली नाही.

त्या वर्षी भाऊंना घोर होता तो जैनथच्या पुढच्या, पैनगंगेकाठच्या एका गावाचा. तिथल्या एका मोठ्या घरात आदल्या साली थोरल्या मुलीचं लग्न होतं. भाऊ हिरवा चुडा घेऊन गेले, पेटी उघडली, तर निम्मा माल चुरा. लग्नघरात, नवरीच्या समोर, हिरव्या काचेचा चुरा. त्या घरानं भाऊंना तोडलं आणि त्या घराकडे पाहून गावानं तोडलं. भाऊंच्या वडिलांनी पायी फिरून धरलेलं गाव होतं ते. आता धाकटीचं लग्न ठरलं आणि तिच्या आईचा निरोप आला: "एक डाव पाहू. या टायमाले वाढली तं पुन्हा येऊ नका."

म्हणून ते चार हजार दोनशे.

गाडीच्या मागच्या शॉकपमधलं, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळ्यांमधलं, तेल कधीच गळून गेलं होतं. मिस्त्री म्हणाला, कंपनीचे साधे टाका, निम्म्या पैशांत काम होईल. मीही तेच म्हणालो. पण भाऊंनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. गॅसवाले शॉकप, बाजूला लाल नळकांडं, टाकीवर पाण्यानं भरलेला गिलास आणि गाडी दगडधोंड्यांवरून चाललेली.

"गिलासातलं पानी हालून नाई राह्यलं, भाऊ! मंग बांगडी काऊन वाढन?"

"त्या व्हिडिओतल्या माणसाचं वजन किती असेल?" मी विचारलं.

"आता त्याले मी काट्यावर ठिवू काय?"

त्याला नाही, पण भाऊंना मी आमच्या दुकानाच्या काट्यावर ठेवलं होतं. चपलांसकट अठ्ठेचाळीस किलो. युरियाचं पोतं त्यांच्याशी जवळपास बरोबरी करतं.

शॉकप बसले. गाडी मागून चार बोटं उंच झाली. भाऊंचे पाय जमिनीला जेमतेम टेकायचे, त्यामुळे चौकात थांबले की ते एखाद्या भिंतीवरून डोकावणाऱ्या माणसासारखे दिसायचे. लाल नळकांड्यांवर मात्र गल्लीची नजर खिळली. वहिनींनी हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी भाऊ तामसीच्या बाजाराला गेले आणि आल्याबरोबर पेटी उघडून मोजत बसले. पाच डझन वाढल्या होत्या. गळक्या शॉकपवर दोन वाढायच्या. चार हजार दोनशे रुपयांची प्रगती ती ही.

मिस्त्रीनं पान्यानं स्प्रिंगची कडी फिरवून फिरवून शेवटच्या खाचेपर्यंत सैल केली. मग हात पुसत म्हणाला, "भाऊ, ये दो आदमी का माल है. तुम तो आधा आदमी. पीछे वजन बिठाओ, तब दबेगा." जुने शॉकप तोवर भंगारवाल्यानं नेले होते आणि बसवलेला माल दुकानदार परत घेत नव्हता. हे सगळं मी आधी सांगितलं होतं का? सांगितलं होतं. त्याचा उपयोग? मला झाला, समाधान म्हणून.

पहिला प्रयोग आमच्याच दुकानातल्या पोत्याचा. पोतं वळणावर कलायचं आणि खड्ड्यात उडी मारायचं. तेव्हा भाऊंनी माझ्याकडे वळून पहिल्यांदा तसं न्याहाळलं.

"तुमी किती भरता?"

"त्र्याऐंशी."

"बाप्पा! मंग पोत्याले काऊन तरास देऊन राह्यलो मी?"

अशी माझी नेमणूक झाली. दर रविवारी, बिनपगारी, दोन पेट्यांच्या मधोमध. निघण्याआधी वहिनी पोहे द्यायच्या आणि ताट रिकामं होण्याआधीच पुन्हा वाढायच्या. "घ्या ना, भावजी. ह्यांच्या बांगड्या तुमच्या पोटावर आहेत." माझी बायको गल्लीत सांगायची, "आमचे हे मोटारसायकलचा पार्ट झाले." रस्त्यात भाऊंचं एकच बजावणं: "खड्डा आला का उठू नका. तुमी उठले का बांगड्या उठते." खड्डा आला की शहाणा माणूस सीटवरून थोडा उचलतो. मी घट्ट बसून घ्यायचो. कंबरेचं काय झालं ते कंबरेला माहीत. पण खरं ते खरं, तामसीच्या त्या वाटेवर वाढ अर्ध्या डझनावर आली.

चुडा भरायचा दिवस रविवारचाच धरला होता, मुहूर्तापेक्षा माझी सुट्टी पाहून. जैनथपर्यंत भाऊ बोलत होते. जैनथच्या पुढे त्यांनी बोलणं बंद केलं. कापसाच्या शेतांमधून जाणाऱ्या त्या वाटेवर एका पुलाशी त्यांनी गाडी थांबवली आणि मागे न वळता विचारलं, "भाऊ, नाईच जमलं तं?"

मी हिशेबी माणूस. मी म्हणालो, "मी भरपूर जेवलोय. चला."

घरात पोचलो. अंगणात सतरंजी, बायका जमलेल्या. नवरीची आई पेटीजवळ उभी राहिली ती बसेना. भाऊंनी कडी काढली, पेंढा बाजूला केला. आईनं एकेक जुडी उचलून उजेडात धरली. शेवटची जुडी खाली ठेवली आणि तेव्हाच बसली. "भरा," म्हणाली. एकही वाढली नव्हती. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि कामाला लागले.

त्यांचं काम मी तोवर कधी नीट पाहिलं नव्हतं. ते नवरीचा हात दाबायचे आणि विचारायचे, "सासू तिखट खाते का गोड?" पोरगी हसून सांगायला जायची आणि तेवढ्यात बांगडी बोटांच्या पेरांवरून मनगटात गेलेली असायची. सगळ्यांच्या झाल्या. काकवा, मावश्या, शेजारणी. फुटतील म्हणून वरच्या आणलेल्या जुड्या तशाच उरल्या.

मग भाऊंनी दाराकडे पाहिलं. उंबऱ्याशी नवरीची आत्या बसली होती. पांढरं कपाळ, मोकळे हात. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली असावीत.

"आत्याबाई, हात आना इकडे."

आत्यानं दोन्ही हात पदराखाली नेले. नवरीच्या आईच्या चेहऱ्यावर आदल्या सालचा चुरा मला पुन्हा दिसायला लागला. मनात म्हणालो, अरे बाबा, आत्ताच तर गाव परत मिळालं. माझ्या कंबरेचा तरी विचार कर.

"भाऊ, असं नाई चालत," एक म्हातारी म्हणाली.

"काऊन? काचीले काय मालूम कोनाचा नवरा हाय अन् कोनाचा गेला?" भाऊ जुडी सोडतच होते. "अन् ह्या तं वरच्या आहेत. वाढाच्या होत्या, नाई वाढल्या. घरी काऊन नेऊ?"

शेवटी नवरीच उठली, भरल्या हातांनी आत्याला धरून आणलं आणि सतरंजीवर बसवलं. "भरा," म्हणाली. आत्याचा हात ताठ होता, लाकडासारखा. भाऊंनी विचारलं, "आज भाजी कोनती केली, आत्याबाई?" ती रडत रडत म्हणाली, "वांग्याची." बांगडी गेली.

येताना पेट्या रिकाम्या, मन भरलेलं, असं काही तुम्ही अपेक्षित धरलं असेल. येताना भाऊ माझ्याशी तीन किलोमीटर शॉकपच्या गुणांवर बोलले. "पाह्यलं? तुमी म्हनत होते, साधे टाका!" मी मागे बसून ऐकलं. उत्तर द्यायला मी उठलो असतो तर गाडी उडाली असती.

गाव परत मिळालं. पुढची दोनेक वर्षं आम्ही ते असंच चालवलं.

गेल्या थंडीत भाऊ गेले. सकाळी चहा पिताना छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. मी त्यांच्या घरी पोचलो तेव्हा भाऊंना परत आणलं होतं आणि दारात मोटारसायकल उभी होती, पेट्या बांधलेल्या. आत बायकांमध्ये वहिनी बसल्या होत्या आणि त्यांच्या जावेनं स्वयंपाकघरातून वरवंटा आणला होता. तो कशासाठी, हे तुम्हालाही माहीत आहे. ज्याचं आयुष्य काच सांभाळण्यात गेलं, त्याच्याच घरात, त्याच्या समोर. मी दाराशी नुसता उभा होतो. एरवी सल्ला देणारा मी.

तेवढ्यात ऑटोतून पैनगंगेकाठची आत्या उतरली. सरळ आत गेली, वहिनींच्या समोर बसली आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेऊन धरून ठेवले. तिच्या मनगटात त्या हिरव्या बांगड्या होत्या. जाऊबाई वरवंटा घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. आत्यानं हात सोडले नाहीत. मग जाऊबाई आत गेल्या आणि वरवंटा पाट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

मोटारसायकल संक्रांतीनंतर विकली. घेणारा परवा भेटला, म्हणाला, मागून फार आदळते. मी म्हणालो, मागे कोणाला तरी बसवा.

दुकान वहिनी चालवतात. मागच्या रविवारी बायकोसाठी एक डझन बांगड्या घ्यायला गेलो. वहिनींनी कागदात बांधून दिल्या आणि सवयीनं विचारलं, "जेवून आले ना, भावजी?" मी "हाव" म्हणालो. ऐंशी रुपये झाले. ते मी वहिनींच्या हातात दिले. पैसे घेताना हात किणकिणला.