दादांच्या खाटेची जागा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण – जाऊ दे, कारण शोधत बसले तर पुन्हा राहूनच जाईल.

आधी घराबद्दल बोलू द्या. अहो, काय घर झालंय! इकडे हिंदी मुलखात, मुरार भागातलं आमचं हे जुनं एकमजली घर मे महिन्यात नुसती भट्टी व्हायचं. मी ते पार बदललं. अंगणातलं सिमेंट उखडून माती मोकळी केली. पावसाचं पाणी आता गटारात न जाता बोअरशेजारच्या खड्ड्यात मुरतं. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून बांबूचे पडदे लावले, भिंतींना चुना दिला. मिस्त्री, धूळ, रेतीचे ढीग – आणि त्या सगळ्यात मी वेड्यासारखी खूश! या वयात माणूस इतकं नाचतं का? मी नाचले. आणि सगळ्यात मोठी हौस सोलरची. वीजबिल शून्य! कॉलनीत कुणाचंच शून्य नव्हतं, ते मला पहिलं आणायचं होतं.

आता दादा. दादा म्हणजे माझे सासरे. उभा जन्म सरकारी कचेरीत गेला, स्वभाव सरळसोट. उन्हाळा लागला की त्यांचा मुक्काम गच्चीवर. संध्याकाळी बादल्या भरून पाणी शिंपडायचे, मग खाट, मच्छरदाणी, उशाशी पाण्याची सुराही. कूलर नको, पंखा नको. खाली बंद खोलीत त्यांचा जीव घुसमटतो – हे मला लग्न झाल्यापासून माहीत होतं.

सोलरवाला गच्ची मोजून म्हणाला, "भाभीजी, ये कोना छोड़ देते हैं, बाबूजी की खाट आ जाएगी. चार पैनल कम लगेंगे, बस."

चार कमी – म्हणजे शून्य नाही. थोडंसं बिल आलंच असतं. किती थोडं! पण मी म्हटलं, "नहीं, पूरी छत."

आणि दादांना काय सांगितलं? इथे माझी जीभ अडते. मला चार पॅनल जास्त हवेत, असं तोंडावर सांगितलं असतं तर ते रुसले असते, आणि मग गच्चीचा कोपरा त्यांनाच मिळाला असता. म्हणून मी म्हटलं, "दादा, सोलर लावल्यावर गच्चीवर झोपता येत नाही. सरकारी नियम आहे." असा कुठलाही नियम नाही. पण हा शब्द ऐकला की दादा पुढे बोलत नाहीत. तो मी मुद्दाम निवडला.

"नियम आहे तर मग बात ख़तम," ते म्हणाले, आणि खाट स्वतःच जिन्यावरून खाली घेऊन आले. मी हात लावायलाही गेले नाही. पॅनल वर चढत होते ना, ते बघायचे होते मला.

बिल शून्य आलं. मी पेढे वाटले! खोटं कशाला बोलू – आजही मीटर बघितला की मला आनंदाच्या उकळ्या फुटतात. दादांच्या खोलीत एसी बसवला. त्या गारव्यातही ते रात्र रात्र पलंगावर बसूनच असतात.

एवढ्यावर थांबलं असतं तर? नाही थांबलं. यंदा समोरच्या तिवारीजींनी सोलर लावलं आणि त्याच्या शेजारीच खाट टाकली. तिवारीजी दादांचे जुने दोस्त, रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला यायचे. दादा काळजीने सांगायला गेले, की हे नियमात बसत नाही, दंड होईल. तिवारीजी हसले. म्हणाले, "बहू ने आपको बेवकूफ़ बनाया है." कधी कुणावर आवाज न चढवणारे दादा त्या दिवशी भर गल्लीत ओरडले, "हमारी बहू झूठ नहीं बोलती!"

मी खिडकीतून ऐकत होते.

मग ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. खरं काय, असं त्यांनी विचारलंच नाही. एवढंच म्हणाले, "सूनबाई, तो नियम कागदावर मिळेल का? तिवारीला दाखवतो."

तेव्हा तरी? तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं मला?

मी कणीक मळत म्हटलं, "मिळेल, दादा. शोधते."

तिवारीजी आता चहाला येत नाहीत. दादा अधूनमधून कागद मिळाला का विचारतात, आणि मी म्हणते, शोधते आहे.