माझ्या वर्गातलं गाऱ्हाणं

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, निवृत्त झाल्यावर आजी परत शाळेत का जाते. हेच मी दर मंगळवारी स्वतःला विचारते.

आपल्या घराखालच्या प्राथमिक शाळेत धड अशी एकच खोली आहे. पहिली ते चौथी सगळी तिथेच बसतात आणि गुरुजीही एकच. शाळेची माहिती मोबाईलवर भरण्यात ते इतके गुंतलेले असतात, की इंग्रजीचा तास त्यांनी मला देऊन टाकला. मी आल्या आल्या कोण कुठे बसेल ते ठरवून दिलं, चपला ओळीत लावायला शिकवल्या. पुढच्या खेपेला सगळी बस्करं पुन्हा खिडकीखाली गोळा, कारण तिथून खिचडीचं पातेलं दिसतं.

त्याहून वैताग म्हणजे ‘व्हय महाराजा’. देवळात गावचे मानकरी असलेले गावकर देवाला गाऱ्हाणं घालतात, म्हणजे गावाच्या वतीने मागणं मागतात, आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे ‘व्हय महाराजा’ म्हणतात. ही पोरं माझ्या प्रत्येक वाक्याला तेच म्हणायची. पुस्तकं उघडा. व्हय महाराजा. गप्प बसा. व्हय महाराजा. शेवटी मी त्यावर वर्गात बंदीच घातली.

दुसरीतली एक मुलगी तेवढी कधीच काही म्हणत नसे. गावकरांची नात. घरी आजोबांशी अखंड बडबडते म्हणे, वर्गात मात्र जूनपासून अवाक्षर नाही. मी रत्नागिरीहून चित्रांचे तक्ते आणले, गोड बोलून पाहिलं, खडसावलंही. ती नुसती माझ्या चष्म्याकडे बघत राहायची. मुंबईत नोकरीला असलेल्या तिच्या वडिलांनी गुरुजींना सांगून टाकलं होतं, की दिवाळीपर्यंत पोर वाचायला लागली नाही तर तिला तिकडच्या शाळेत घालणार. आजोबांना सोडून जावं लागणार हे कळल्यावर तिने तोंड आणखीच मिटून घेतलं.

दसऱ्याआधी शाळेत पाटीपूजन होतं. मुलांनी पाट्यांवर सरस्वती काढली, पुढे नारळ ठेवला आणि सगळे थांबले. गाऱ्हाणं घालायला येणारे गावकर तापाने झोपून होते. गुरुजी घाटावरचे, त्यांना ते जमण्यासारखं नव्हतं. उशीर होत होता, म्हणून मी म्हटलं, फोडा नारळ आणि वाटा. एकही मूल जागचं हललं नाही.

तेवढ्यात ती उठली. हात जोडले आणि थेट आजोबांच्या सुरात सुरू झाली.

“बा देवा महाराजा, आज तुज्या लेकरांनी शाळंत पूजा मांडलीय, ती गोड मानून घे महाराजा.”

“व्हय महाराजा,” सगळा वर्ग म्हणाला. माझी बंदी गेली उडत.

“आजीबाय लय वरडतात, त्येंचा घसा बसतो, तो बरा कर महाराजा.”

“व्हय महाराजा.” यात गुरुजींचाही आवाज होता.

“आनि बाबा दिवाळीला येतील. त्येंनी मला न्हेऊ नये, अशी त्येंना बुद्धी दे महाराजा.”

या वेळी मुलं आधी माझ्याकडे वळली. एक जण जरी गप्प राहिला तरी मागणं देवापर्यंत पोचत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. मग मीही म्हटलं.

पुढच्या मंगळवारी मला वाटलं, आता तरी ही वाचेल. कसलं काय. पुस्तक हातात दिलं, तर पुन्हा मौन. शेवटी तिच्या शेजारची मला समजावू लागली, “आजीबाई, आमी पाठून काय बोललोच नाय, तर ती पुढं कशी वाचनार?”

बंदी रीतसर उठवावी लागली. गुरुजींनी वडिलांना पाठवलेल्या व्हिडिओत ती खणखणीत वाचते, ‘धिस इज अ काऊ’, आणि मागून वर्ग म्हणतो, ‘व्हय महाराजा’. गाईला, मग कोंबडीला, मग बसला. वडिलांचा फोन आला, राहू दे पोर तिथेच.

बसमधला ‘स’ ती अजून ‘श’ म्हणते. मी दुरुस्त करायला जाते, तर सगळी मिळून ‘व्हय महाराजा’ म्हणतात आणि पुन्हा ‘बश’ वाचतात.