हाक बदल

"हाक बदल!" विंगेतून आवाज यायचा आणि हातातला बोल्ट लोखंडी खुर्चीवर टण्‌कन आपटायचा. नट दचकायचा. आमचे प्रॉम्प्टर काका असे होते. नट वाक्य विसरला तर ते हळूच सुचवायचे, पण कुणी कुणाला हाक चुकीची मारली की तालीमच थांबवायचे.

मलकापुरात हायवेला लागून त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. ठिणग्यांनी दोन्ही हातांवर तिळांसारखे काळे डाग पडलेले. शाळा बेताची, कान मात्र तिखट. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना चहा पाजतो आणि त्यांच्याबद्दल काही विचारत नाही.

मी तेव्हा एक नाटक लिहिलं होतं. परजातीच्या मुलीवर जीव लावणारा पोरगा आणि त्याला ठेचून मारणारा तिचा भाऊ. मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. वडील ती छापायचे, मी सायकलवरून वाटायचो. त्यामुळे माझा नायक प्रेमातही पत्रकासारखाच बोलायचा.

काकांनी त्याची जीभ मोकळी केली. "पयल्या भेटीत 'तुमी' म्हनू दे. दुसऱ्या भेटीत वाक्य अर्धंच सोडू दे. तुमी म्हनू का तू, ह्येच त्याला कळंना झालंय. लेखकराव, प्रेम थितं हाय!"

तिसऱ्या प्रवेशात मुलगी भावाच्या धाकाने त्याला नाकारते. मी अर्धं पान संताप लिहिला होता. काकांनी तो खोडून एकच ओळ ठेवली: "बरं. येतो मग, ताई." नटाने ती म्हटली आणि तालीम बघायला येऊन मागे खिदळणाऱ्या पोरी एकदम गप्प झाल्या.

भांडण पेटलं ते मरणाच्या प्रवेशावर. तिथे नायकाचं दीड पानांचं भाषण होतं.

"मार खानारं पोरगं सभा घ्यायला लागलंय व्हय रं?"

"विचार आहे तो, काका. कापायचा नाही."

"इचार बरोबरच हाय. पर दांडकं पडताना मानूस इचार बोलत न्हाई."

"तुम्हाला काय माहीत?"

बोल्ट हातात फिरायचा थांबला.

"त्यो माजा दोस्त हुता. माज्या भैनीवर जीव लावला त्यानं. पयलं दांडकं बसलं तवा म्हनला, 'गड्या, आईक तरी.' पाय मोडला तवा 'दादा' म्हनला. माज्याच वयाचा, आन्‌ मला दादा. मग डोस्क्यात बसलं. तवा 'आवं' म्हनला. आवं, पाया पडतो, आवं. त्वांडात रगात, तरी मान दिला मला. मिरजंच्या दवाखान्यात न्हेईस्तवर गेला."

"मारलं कुणी?"

"मीच की. चौदा वर्सं आत हुतो. वेल्डिंग थितंच शिकलो."

खुन्यांना समाजात थारा नको, असं मीच लिहून छापलं होतं. आणि महिनाभर या माणसाच्या थर्मासमधला चहा प्यालो होतो. मी संहिता त्याच्या तोंडावर फेकली. "चालता हो तू! पुन्हा इथं दिसलास तर तंगडं मोडीन तुझं!"

ते वाकून पानं गोळा करू लागले. "बघ," शांतपणे म्हणाले, "हाक बदलली तुजी."

पानं क्रमाने लावून त्यांनी खुर्चीवर ठेवली. उडू नयेत म्हणून वर बोल्ट ठेवला आणि गेले.

दोन दिवस मी ते भाषण मोठ्याने वाचत राहिलो. प्रत्येक शब्द खरा होता, आणि पोरगा मात्र खोटा. शेवटी मीच ते खोडलं आणि तीन हाका लिहिल्या. त्या काकांच्या नव्हत्या. मेलेल्या पोराच्या होत्या.

सांगलीत दुपारचा प्रयोग. विंगेतली खुर्ची रिकामी. रंगमंचावर दांडकं पडलं. "गड्या..." पुन्हा पडलं. "दादा..." तिसऱ्यांदा पडलं. "आवं..." त्याच क्षणी सभागृहाचं मागचं दार उघडलं आणि उन्हाच्या पट्ट्यातून एक माणूस बाहेर पडला. चालीवरून मी ओळखलं.

मी धावत बाहेर आलो. ते रस्ता ओलांडत होते. त्यांना शिवी द्यायची होती की काही विचारायचं होतं, मला आजही सांगता येत नाही. 'काका' जिभेवर येईना. 'तू' म्हणवेना. घाईत तोंडातून निघालं, "आवं!"

ते जागच्या जागी थांबले. वळले नाहीत. मागून दांडकं पडणार असल्यासारखी त्यांची मान खांद्यांत शिरली आणि ते डागाळलेले दोन्ही हात हळूहळू डोक्यावर गेले. दोन्ही बाजूंनी गाड्या हॉर्न देत होत्या.

मी पुन्हा हाक मारली नाही.