पहाटेची साखर

गल्लीत सगळे त्यांना चेकरबाबा म्हणत. उभा जन्म बसमध्ये फुकटे प्रवासी हुडकण्यात गेलेला, त्यामुळे निवृत्तीनंतरही नजर तीच राहिली. समोरचा माणूस तिकीट दाखवेपर्यंत चोर.

मधुमेह निघाला तसा त्यांनी गोडाला रामराम ठोकला. तरी एक गोष्ट त्यांना खटकायची. रात्री झोपताना मशीनवर साखरेचा आकडा बरा दिसे आणि सकाळी उपाशीपोटी पाहावं तर चढलेला. रात्रभर पोटात कण नाही, मग साखर आली कुठून? मुलगा कामासाठी परगावी. घरात उरली सून, आणि स्वयंपाक तिच्याच हातचा.

"भाजीत काय घालतेस गं?" त्यांनी एकदा सहज विचारल्यासारखं केलं.

"मीठ घालते, बाबा. का, कमी पडलं?"

त्यांना ते उत्तर फारच सरळ वाटलं. ती स्वयंपाकाला लागली की ते ओट्याजवळ पहाऱ्याला बसू लागले. दुसऱ्या दिवशी साखरेचा डबा कपाटात गेला आणि किल्ली त्यांच्या खिशात. सून बिनसाखरेचा चहा प्याली. सकाळचा आकडा मात्र तसाच.

मग त्यांनी तिच्या हातचं खाणंच सोडलं. मधुमेहाची गोळी तेवढी वेळेवर घेतली. दुपारी हातापायांना कापरं भरलं, दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. सून शेजारून साखर मागून, ती पाण्यात विरघळवून धावत आली.

"बाबा, प्या हे."

"साखर आहे ना यात?" त्यांनी दात आवळले. "आता सापडलीस."

"सापडले. आधी प्या, मग काय ती शिक्षा करा."

तिने पेला ओठांना लावून धरला. थोड्या वेळाने थरथर थांबली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "ती साखर तुमचं यकृतच सोडतं, बाबा. खाल्ल्यातली थोडी ते साठवून ठेवतं, आणि पहाटे शरीर जागं व्हायला लागलं की रक्तात सोडतं. इतरांचं इन्सुलिन तिला आवर घालतं. तुमचं कमी पडतं, आणि जे आहे त्याला शरीर जुमानत नाही."

"उपाशी राहिलो तरी?"

"तरी. वर ही गोळी इन्सुलिन वाढवते. पोटात अन्न नसलं की साखर पार खाली जाते. काल जिवावरचं संकट होतं."

बाईंनी औषध बदललं, जेवण चुकवायचं नाही अशी ताकीद दिली.

परतताना सून म्हणाली, "मग मी सुटले म्हणायचं?"

"तू सुटलीस," ते पुटपुटले. "यकृताचं काय ते बघू."

माफी त्यांनी मागितली नाही, तो स्वभावच नव्हता. सकाळचे आकडे हळूहळू उतरले. सून स्वयंपाकाला लागली की ते अजूनही ओट्याजवळ येऊन बसत, फक्त आता भाजी निवडायला घेत.