नेफ्यात भरलेली हवा

आमच्या घराण्यात आजवर कुणी हातानं काही बनवलं नव्हतं. पणजोबा कचेरीत, आजोबा कचेरीत, बाबा कचेरीत. तीन पिढ्यांनी मिळून जगाला दिलं काय, तर शेरे आणि शिक्के. त्यामुळे आमच्या नेर गावात मी हवा भरून उभे राहणारे कापडी तंबू बनवायला लागलो, तेव्हा बाबा नातेवाइकांना मी 'कापडाच्या लाइनीत' आहे असं सांगू लागले.

असे तंबू बाजारात मिळतात, पण त्यांना दिवसभर पंख्यानं हवा पुरवावी लागते. आमच्याकडची वीज गेली की तंबू पाहुण्यांच्या डोक्यावर येऊन बसतो. मला एकदाच हवा भरून संध्याकाळपर्यंत ताठ राहणारा तंबू बनवायचा होता. म्हणून मी प्लास्टिकचा लेप दिलेलं कापड गरम हवेच्या गननं सांध्याला सांधा लावून चिकटवायचो. त्याला हात स्थिर लागतो, आणि माझा हात चहा ओततानाही हलतो. तंबू फुगला की बायको ब्रशनं सांध्यांवर साबणाचं पाणी लावायची आणि फेस येईल तिथे खडूनं गोल करायची. शेवटी शेवटी कापड कमी आणि गोल जास्त दिसायला लागले.

दोन वर्षांनी बाबांचा धीर सुटला. मुकुटबनला गुरांच्या तपासणीचं शिबिर होतं, मैदानात वीज नव्हती, आणि तिथल्या तंबूचं काम मी छाती ठोकून घेतलं होतं. बाबांनी तोवर एका शाळेत माझ्यासाठी कारकुनाची जागा हेरली आणि आपल्या वळणदार अक्षरात अर्जही लिहून टाकला. माझी फक्त सही बाकी होती. ठरलं असं, की शेवटचं जनावर घरी जाईपर्यंत तंबू उभा राहिला तर अर्ज रद्द; बसला तर मी मुकाट्यानं सही करायची. मी हो म्हणालो. मला त्या खुर्चीची खरोखर भीती वाटायची.

शिबिराला आठवडा उरला होता. मी नव्या सांध्यावरचा फेस बघून शिव्या देत होतो आणि बायको शेजारी परकराला नेफा घालत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुम्ही एकाच कापडाले दोन कामं सांगून राह्यले. हवा बी धर अन् आकार बी धर. नाडी कशी नेफ्यात राह्यते, तशी हवा आत येगळी ठेवा ना."

मी तिला हवाबंद रचनेचं शास्त्र समजावून सांगितलं. ती ऐकते आहे असं मला वाटलं. ती फुलसावंगीला भावाला फोन लावत होती. दुसऱ्या दिवशी एसटीनं त्याच्या शेतातला लपेटा पाइप आला, म्हणजे पिकाला पाणी न्यायची, रिकामी झाली की चपटी होणारी प्लास्टिकची नळी. तिनं मांजरपाटाच्या लांब पिशव्या शिवल्या आणि त्यांत पाइप ओवले; हवा भरली की हेच तंबूचे खांब. मी टोकं दोनदा दुमडून लाकडी पट्ट्यांत बोल्टनं आवळली, ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे वॉल्व्ह बसवले. गन नाही, फेस नाही, खडू नाही. माझी दोन वर्षांची विद्या दुपारच्या चहाच्या आत निकामी झाली, याचा मला राग आला. खोटं कशाला बोलू.

हवा भरली आणि पहिला पाइप फाटकन फुटला. मला आधी आनंद झाला, मग अर्ज आठवला.

बाबा विरोधी पक्षात होते, पण चूक दिसली की त्यांना राहवत नाही. त्यांनी टेप आणून पाइपचा आणि पिशवीचा घेर मोजला, कागदावर लिहिला, खाली रेघ मारली. पिशवी ढगळ निघाली. बायको लहान लेकरांचे कपडे शिवते, आणि आमच्याकडे लेकराचा झगा कुणी अंगाबरोबर शिवत नाही. दोन वर्षं चालावा म्हणून वाढत्या अंगाचा शिवतात. तिनं सवयीनं पाइपलाही वाढत्या अंगाचं शिवलं होतं. पाइप आत फुगतच गेला, कापडाला टेकण्याआधीच त्याचा जीव गेला. पिशवी पाइपपेक्षा अरुंद पाहिजे, ताण कापडानं घ्यावा, असा शेरा बाबांनी दिला. त्यांचा हा पहिलाच शेरा असेल ज्यानं कुणाचं काम झालं. बायकोनं सगळ्या पिशव्या उसवून आत घेतल्या.

मुकुटबनला सकाळी हातपंपानं हवा भरली. बाबा अर्ज खिशात घालून तंबूतच खुर्ची टाकून बसले. एका बैलानं खांबाला मान घासली, एका बकरीनं दोरी खाल्ली. मी दर पाच मिनिटांनी खांब दाबून बघत होतो, तेव्हा गुरांच्या डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. शेवटची गाय गेली. तंबू होता तसाच उभा होता, आणि माझे डोळे भरून आले.

बाबांनी खिशातून अर्ज काढला. मला वाटलं, फाडतील. त्यांनी पेननं 'मा. मुख्याध्यापक' खोडलं, वर 'सौ. सूनबाई यांस' लिहिलं आणि कागद सहीसाठी माझ्यापुढे धरला.

मी सही केली. बायकोनं अर्ज पूर्ण वाचला. अनुभवाच्या ओळीपाशी ती जरा थांबली.

"आधी तंबूची हवा काढा," ती म्हणाली, "मंग इचार करून सांगीन."