नंदाकाकूंचं फावडं

दोन दिवस, दोन रात्री बर्फ पडत होता आणि पहाटे कधीतरी थांबला. नंदाकाकूंनी स्वयंपाकघराचा पडदा सारला, तर मेलबॉक्सचं फक्त लाल निशाण वर दिसत होतं. त्यांनी आलं किसून चहा टाकला आणि लोकरीचे दोन मोजे एकावर एक चढवले. आज काम होतं, आणि काम आहे म्हटल्यावर त्यांना तरतरी येई.

ईरी तळ्याकाठच्या या लहानशा अमेरिकन गावात त्यांचे बेचाळीस हिवाळे गेले होते. राजारामकाका कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांची पाठ कायमची धरलेली, त्यामुळे बर्फ काढणं पहिल्यापासून काकूंकडेच. आधी पायऱ्या झाडूने, मग मेलबॉक्सपर्यंत फावड्याच्या रुंदीची वाट, मग गाडीमागचं. महाराष्ट्रातून कॉलेजात येणाऱ्या दरेक नव्या मुलीला त्यांनी अंगणात उभं करून शिकवलं होतं, "पाठीतून नाही ग, गुडघ्यांतून उचल. आणि शूरपणा नको, अर्धंच भर."

काका जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा सत्यजित दूर, बर्फ न पडणाऱ्या फ्रीमाँटला. घर विकून इकडे ये, हे त्याचं दर हिवाळ्याचं पालुपद, आणि "माझं मी करतेय ना," हे काकूंचं उत्तर. ते उत्तर खरं होतं तोवरच घर त्यांचं होतं.

चहाला उकळी येतेय तोच बाहेर ट्रक घरघरला आणि दारावर थाप पडली.

नारिंगी जॅकेटातला आडदांड माणूस उभा होता. नाव डग. "मॅम, तुमच्या मुलाने मला पाठवलंय. ड्राइव्हवे मी साफ करतो. आणि," तो फोनकडे बघत राहिला, "गराजमधली फावडी घेऊन जायला सांगितलंय."

काकूंनी सत्यजितला फोन लावला. "हा माणूस माझं फावडं मागतोय."

"हो आई, मीच सांगितलंय. यू फेल डाउन लास्ट इयर."

"बाथरूममध्ये पडले होते. बाथरूम नाही कोणी काढून नेलं."

"इट्स नॉट अ जोक, आई. इथे वादळाची बातमी बघितली की मला रात्रभर झोप नाही."

"निदान विचारायचंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

ते खरंच होतं. काकूंनी फोन ठेवला. त्यांनी स्वतःच गराज उघडलं. परक्या माणसाला शोधाशोध कशाला करायला लावा. मोठं फावडं दिलं, छोटंही दिलं.

"सॉरी मॅम," डग म्हणाला. "माझी आईपण ऐकत नाही."

"तिचं फावडं कुठे आहे?"

डगने दोन्ही फावडी ट्रकमध्ये टाकली. अर्ध्या तासात ड्राइव्हवे चकचकीत करून तो गेला.

तो गेल्यावर गावाचा ट्रक रस्ता साफ करत आला आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी कमरेएवढा टणक बर्फाचा बांध घालून गेला. दर वादळानंतर तो घालतोच. काकूंनी डगला फोन केला. उद्या दुपारी येतो, म्हणाला.

काकू थोडा वेळ खिडकीशी उभ्या राहिल्या. मग त्यांनी कणीक मळायची मोठी स्टीलची परात काढली, कोट चढवला आणि बांधापाशी जाऊन गुडघे टेकले. चौथ्या खेपेला परातीची कड वाकली.

"काकू, परातीने?" खांद्यावर फावडं टाकून अबोली येत होती. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाची, गेल्या साली काकूंच्याच अंगणात शिकलेली. "बर्फाच्या पोळ्या करताय का?"

काकू हसल्या नाहीत. अबोलीने त्यांना हात देऊन उठवलं, खिशातून फोन काढला, आणि तसाच परत ठेवला.

"काय ग?"

"सत्यजितदादाचा मेसेज आहे, कालचा. काकू बर्फ काढताना दिसल्या तर फोटो पाठव म्हणून. काळजीने म्हणतोय तो, काकू."

"काळजीनेच. म्हणून तर त्याला काही बोलता येत नाही." काकूंनी कोटावरचा बर्फ झटकला. "मला एकटीला झेपत नाही, हे त्याला एकदा सिद्ध करायचंय. तुझा फोटो गेला की एप्रिलमध्ये इथे घर विकायची पाटी लागेल."

"मी नाही पाठवणार."

"आणि त्याने विचारलं तर? माझ्यासाठी खोटं बोलू नकोस."

अबोली बांध फोडू लागली. पाठीतूनच उचलत होती, फावडं काठोकाठ भरत होती. काकूंनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. गाडीपुरती वाट झाली तेव्हा अबोली धापा टाकत फावड्यावर रेलली.

"चहा घेऊन जा," काकू म्हणाल्या. "फोटोचं तुला वाटेल ते कर. फक्त जाताना हे फावडं माझ्याकडे ठेवून जा."