अक्कांची फाईल

आमच्या अक्का सकाळी कधी सुई ओवायच्या नाहीत. गहू निवडायच्या नाहीत, तांदळातले खडेही काढायच्या नाहीत. दहाच्या आत कुणी कागद वाचायला दिला तर घडी घालून कनवटीला लावायच्या आणि म्हणायच्या, "सकाळचं डोळं गढूळ असत्यात गं माझं. दुपारपातुर निवळत्यात, मग बघते." आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, याला सरळ नखरे म्हणायच्या. मी राजुरीत नवीन नांदायला आले होते. मलाही तेच वाटलं. थोरली जाऊ कामचुकार मिळाली म्हणून मी माहेरी जाऊन रडूनसुद्धा आले. काय मूर्ख होते मी.

दुपारनंतर त्यांना द्राक्षबागेत बघायला हवं होतं. विरळणीच्या दिवसांत हातात छोटी कात्री घेऊन त्या वेलीखाली उभ्या राहिल्या की आम्हा बाकीच्या बायकांचे दोन घड होईपर्यंत त्यांचे पाच व्हायचे. नेमका कुठला मणी काढायचा, ते त्यांना बरोब्बर दिसायचं. "मण्याला अंग टाकायला जागा ठेव की. गर्दी करून कोण मोठं झालंय?" असं म्हणत माझा घड परत नीट करायच्या. पण दिवेलागण झाली की कात्री खाली. "दिव्याला काटं आलं," म्हणायच्या आणि पदराने डोळे पुसायच्या. दिव्याला काटे कसे येतात, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

मग एकदा त्या तापाने फणफणल्या. मी त्यांच्या ट्रंकेतून पातळ काढायला गेले, तर तळाशी पुण्याच्या एका डोळ्यांच्या दवाखान्याची फाईल. अक्का तापातच उठून बसल्या. त्या दिवशी मला सगळं कळलं. त्यांचं माहेर आंबेगावकडचं. धरणात गाव गेलं आणि घर घोडेगावला आलं. शाळेत असतानाच त्यांना नऊ नंबरचा चष्मा लागलेला, पोरं 'सोडावॉटर' म्हणून चिडवायची. दोन स्थळं चष्म्यापायी मोडली. तेव्हा वडिलांनी त्यांना गुपचूप पुण्याला नेलं. डॉक्टरांनी बुबुळावर चाकाच्या आऱ्यांसारख्या बारीक चिरा दिल्या, नंबर उतरला, आणि घरी येताना वडिलांनी चष्मा घोडनदीत टाकला. आमच्याकडचे बघायला गेले तेव्हा पोरीला चष्मा नव्हता. सकाळचं गढूळ दिसणं, दिव्याचे काटे, सगळं त्या चिरांचं देणं होतं.

"सुमन, कुणाला बोलू नगं. आत्याबाई मला घोडेगावला नेऊन घालतील," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या पायाची शपथ घेतली.

शपथेपुरतं ठीक होतं. पण त्या दिवाळीला घर रंगवायला काढलं, नणंद आली, आणि ट्रंका अंगणात आणून ती एकेक उघडायला लागली. पाणी आणायचं निमित्त करून मी तिच्या आधीच अक्कांच्या ट्रंकेतली फाईल काढली आणि न्हाणीतल्या बंबात घातली. काय हुशारी वाटली मला तेव्हा! संध्याकाळी अक्कांना सांगितलं तर त्यांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "सुटले गं बाई."

चाळिशी गाठायच्या आत त्यांना मोतीबिंदू झाला. दुपारीही डोळे निवळेनात. नारायणगावच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा आत्याबाई शेजारच्या स्टुलावर बसलेल्या, मी दाराशी. डॉक्टरांनी विचारलं, आधी डोळ्याचं काही ऑपरेशन झालंय का? बुबुळावर बारीक रेघा दिसतायत. अक्कांनी एकदा आत्याबाईंकडे बघितलं आणि म्हणाल्या, "न्हाई. बागंत काडी लागली आसंल." डॉक्टर घोटाळले. दोन्ही डोळ्यांना काडी कशी लागते, असंही म्हणाले. मग बाहेरची रांग बघून त्यांनी पुढचा पेशंट बोलावला. मी सगळं ऐकलं. अक्कांना हाताला धरून बाहेर आणलं.

मशीनने जो नंबर सांगितला त्याचा लेन्स मोतीबिंदू काढून उजव्या डोळ्यात बसवला. पट्टी सुटली तर लांबचं धूसर, जवळचं तर काहीच नाही. त्यांनी स्वतःचा हात डोळ्यांपुढे धरला, लांब नेला, परत आणला आणि खाली ठेवला. डॉक्टरांनी जाड भिंगाचा चष्मा दिला. तो घातला की दोन डोळ्यांना दोन आकाराची माणसं दिसायची, चालताना तोल जायचा. एवढं करून सोडावॉटरच नशिबी आलं.

मग पुणं. तिथल्या डॉक्टरांनी दिव्याखाली एकदा बघितलं आणि ओळखलं. आम्हाला समोर बसवून समजावलं, की चिरा दिलेल्या बुबुळाचं माप मशीनला फसवतं, त्यामुळे लेन्स कमी ताकदीचा निवडला गेला. आता तो बदलायला गेलं तर जुन्या चिरा उसवायची भीती, म्हणून तो राहू द्या. डाव्या डोळ्याचा मात्र नीट निवडू. जास्त ताकदीचा घालायचा, पण किती जास्त, हे जुन्या फाईलवरून ठरेल. चिरांच्या आधीचा नंबर आणि बुबुळाची मापं त्यात असणार. "फाईल कुठंय?" त्यांनी विचारलं.

दादा, म्हणजे माझे थोरले दीर, अक्कांचे मालक, शेजारीच बसले होते. आत्याबाईही होत्या. मी तोंड उघडलं तेवढ्यात अक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"लग्नाआधी ऑपरेशन झालंय माझं. फाईल मीच बंबात घातली," त्या म्हणाल्या.

चिरा दिलेल्या त्या जुन्या दवाखान्यात गेलो, तर तो बंद होऊन तिथे दुकानं झालेली. घोडेगावला त्यांच्या भावाने माळा उपसला, एक चिठ्ठी मिळाली नाही. दादा एवढंच म्हणाले, "चष्मा व्हता तर व्हता. मला सांगायचं." आज म्हणायला सोपं होतं. तेव्हा काय म्हणाले असते, देव जाणे. आत्याबाई मात्र आठवडाभर अक्कांच्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत.

डाव्या डोळ्याचा लेन्स शेवटी अंदाजाने निवडला. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा मापं घेतली, सकाळी, संध्याकाळी, पण खात्री देणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. पट्टी सुटली. माणूस ओळखू येत होता, मणी दिसत नव्हता. विरळणीच्या दिवसांत अक्का घरी बसायला लागल्या. कात्री त्यांनी स्वतः माझ्या हातात दिली.

त्यांनी माझं पाप स्वतःच्या अंगावर का घेतलं, हे मी एकदा विचारलंच. त्या जात्याशेजारी बसून शेंगा सोलत होत्या, चाचपून चाचपून. मान वर न करता म्हणाल्या, "तुला आजून या घरात नांदायचंय. माझं झालंय नांदून."

पुढे तीन वर्षांनी कावीळ झाली आणि अक्का गेल्या. तेराव्याला सगळे जेवून बसले असताना मी ओसरीवर उभी राहिले आणि सांगितलं, फाईल अक्कांनी नाही, मी जाळली. नारायणगावला डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मला सगळं माहीत होतं. दादा उठून बागेकडे निघून गेले. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता सांगून काय उपेग?"

खरं होतं. सांगायचं होतं ते त्या दाराशी उभी असताना, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा.